अण्णांची ट्रंक आणि चार नावांचा सातबारा

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले ते साताऱ्याच्या दवाखान्यात. त्यामुळे मृत्यूची नोंद माण तालुक्यातल्या आमच्या गावी न होता साताऱ्याला नगरपालिकेत झाली. गावाकडे बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. माणूस राहायला कुठे होता हे बघत नाहीत, मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे ती २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायचं काम दवाखान्याचं, घरी झाला तर घरच्यांचं. उशीर झाला की शुल्क, परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असं प्रकरण वाढत जातं. दाखला हातात आला की आधी नाव, वडिलांचं नाव आणि तारीख अक्षर न् अक्षर वाचून घ्यावी, कारण पुढचा प्रत्येक कागद या एका कागदावर उभा राहतो. माझ्या भावाने तिथेच खिडकीपाशी उभं राहून तो वाचला, आणि मग एकदम चार-पाच प्रती घेतल्या.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर आम्ही अण्णांच्या मागे राहिलेले कागद पुरे करत होतो. आई, आम्ही दोघी बहिणी आणि धाकटा भाऊ. चौकात लावलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर 'कष्टाळू व कुटुंबवत्सल' असं छापलं होतं. ते खरंच होतं. पण त्याचा अर्थ मला या वर्षभरात, एकेका टेबलासमोर उभं राहून कळला, म्हणून हे लिहिते आहे.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, दहिवडी डेपोला. १९८० साली लागले, ५८ पुरी झाल्यावर २०१४ साली निवृत्त झाले. त्याआधीचं त्यांचं आयुष्य म्हणजे १९७२ चा दुष्काळ. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. माण तालुका एरवीही पावसासाठी आभाळाकडे बघत बसणारा, त्या सालात तर विहिरींनी तळ दाखवला. शाळा सुटली आणि अण्णा आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. तिथे मिळणाऱ्या सुकडीची चव त्यांना आयुष्यभर आठवायची. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यांचं कायमचं वाकडं होतं, हातोडी बसली होती. तिकीट फाडताना तो अंगठा आधी पुढे यायचा.

एसटीची नोकरी लागली म्हणजे आमच्याकडे देव पावला असं समजत. पण कंडक्टरची नोकरी घरच्यांना काय मागते, ते घरच्यांनाच ठाऊक. मुक्कामाची गाडी असायची. संध्याकाळी डेपोतून निघून डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या गावात रात्री गाडी पोचायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर गाडीत किंवा देवळात झोपायचे, आणि पहाटे तीच गाडी माणसं भरून परत. दिवाळीला जादा गाड्या, आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेच्या जादा गाड्या. म्हणजे सगळ्या गावाला सण असेल तेव्हा अण्णांना ड्युटी. आमची भाऊबीज कित्येक वर्षं दोन-तीन दिवसांनी व्हायची. आई ओवाळायचं ताट करून ठेवायची आणि आत्या अण्णांची वाट बघत मुक्काम वाढवायची.

आठवड्याची सुट्टी मिळाली की अण्णा रानात. भावकीच्या वाटणीत आमच्या वाट्याला अडीच एकर आलं होतं, तेही माळाच्या अंगाचं. पाणी आलं की माती घेऊन जायचं. अण्णांनी सुट्टीच्या एकेका दिवसाने त्या उतारावर ताली, म्हणजे माती अडवणारे दगडी बांध, घातल्या. दगड तिथलाच, पहारीने उपटलेला. मोठा धोंडा खाली, त्यावर लहान, फटीत चिपा, मागे मुरूम. खडी फोडायच्या दिवसांत दगड कसा बसतो ते हाताला कळलं होतं, ते इथे कामाला आलं. मी चौथीत असताना चिपा गोळा करून द्यायचे, घमेलं भरलं की दहा पैसे. शेवटची ताल पुरी झाली तेव्हा माझं बी.एड. चालू होतं. आता तिथे दरसाल शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, येतो.

कागदांकडे वळते.

अण्णांची एक पत्र्याची ट्रंक होती, कंडक्टरची असते तशी. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पलंगाखाली ठेवली होती आणि तिला कुणी हात लावत नसे. दहाव्याचं सगळं उरकल्यावर आईनेच ती बाहेर ओढली. वरच जुन्या कोऱ्या वेबिलाचा कागद होता. ज्यांनी जुनी एसटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीन येण्याआधी कंडक्टरच्या पेटीत दराप्रमाणे तिकिटांचे गठ्ठे असायचे, आणि कोणत्या दराची किती तिकिटं गेली याचा हिशेब वेबिलावर लिहायचा. डेपोत आल्यावर तो आकडा आणि पिशवीतली रोकड जुळायलाच हवी, कमी पडली तर पगारातून कापून घ्यायचे. अण्णांनी त्या वेबिलाच्या रकान्यांत तिकिटांच्या जागी कागदांची नावं लिहिली होती. पेन्शनचा आदेश, बँकेचं पासबुक, सातबारा, आठ-अ (नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा), घरपट्टीच्या पावत्या, आईचं आधार, तिचा शाळेचा दाखला, विहिरीच्या वीजजोडणीचं बिल. प्रत्येकापुढे पिशवीचा क्रमांक. पिशव्या म्हणजे साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या, रबर लावलेल्या, आत क्रमांकाची चिठ्ठी. अगदी खाली, गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीबद्दल, एका ओळीत लिहिलं होतं, 'सोसायटीचे कर्ज निल. दाखला पिशवी ६ मध्ये.'

सहाव्या पिशवीत दाखला होता.

गावात कर्ता माणूस गेल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. तेराव्याच्या आधी कुणीतरी वही घेऊन येतं आणि सांगतं, तुमच्या माणसाने इतके घेतले होते. खरं की खोटं ते सांगायला तो माणूस नसतो. बाई मान खाली घालून ऐकते. आमच्या दारात तशी वही घेऊन कुणी आलं नाही, आणि आलं असतं तर आई पिशवी उघडून दाखवू शकत होती.

पेन्शनचं काम आधी घेतलं. एसटीचे कर्मचारी १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत येतात. पेन्शन घेणारा गेला की बँकेला लगेच कळवावं लागतं, नाहीतर नंतर जमा झालेली रक्कम परत वळती करून घेतात आणि घरच्यांना वाटतं पैसे गेले कुठे. पत्नीला पतीच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. किमान पेन्शन महिना ₹१००० ही मर्यादा २०१४ पासून तशीच आहे. चौतीस वर्षं लोकांना गावोगाव पोचवलेल्या माणसाची पेन्शन तीन हजारांच्या आत होती, तिच्या निम्मे म्हणजे किती ते वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. मला ही रक्कम अन्यायाची वाटते आणि हे मी कुठेही बोलायला तयार आहे.

पण काम अडलं नाही, त्याचं श्रेय अण्णांचं. पेन्शनच्या आदेशावर दोघांचा जोडफोटो होता. खातं दोघांच्या नावावर होतं. आईचं नाव शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर हाकेचं आणि आधारवर तिसरंच, असं आमच्या भागातल्या बहुतेक बायकांचं असतं आणि तिथेच अर्ज परत येतात. मग 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागतं. अण्णांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी तिची सगळी नावं एकसारखी करून घेतली होती. त्यासाठी त्यांनी दहिवडीला किती खेटे घातले असतील ते आईलाही माहीत नाही. 'बाजारला जाऊन येतो' म्हणायचे आणि जायचे.

बँकेत साहेबांनी आईपुढे शाईचं पॅड सरकवलं. आईने ते बाजूला केलं आणि पेन मागितलं. तिची सही ठसठशीत आहे, आडनावाची शेवटची वेलांटी जरा लांब ओढलेली. ती अण्णांनी शिकवली. माझ्या लहानपणी चुलीपुढे बसून ती जुन्या वेबिलांच्या पाठीवर गिरवायची आणि अण्णा दिवा जवळ धरायचे. तेव्हा मला वाटायचं, आईला हौस आहे. तेव्हाच ते का शिकवलं, ते वारस नोंदीच्या वेळी समोर आलं.

वारस नोंद हा या सगळ्यातला मोठा भाग. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे खातेदार गेल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, नाती आणि पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ. आता हा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो, भावाने तसाच केला. आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नोंद होते, मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, पडतो, संबंधितांना नोटिसा निघतात आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात. कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्यानंतर नवी नावं सातबाऱ्यावर चढतात. लिहायला सोपं आहे. घराघरांत हे वर्षानुवर्षं पडून राहतं, कारण नोंद करायला बसलं की प्रश्न येतो, कुणाकुणाची नावं लावायची?

आमच्याकडेही तो आला. तेराव्याला जेवणं झाल्यावर चुलते म्हणाले, "पोरींचं हक्कसोड एकदाच करून टाका. त्यांची घरं भरलेली हायत. उगं सातबाऱ्यावर गर्दी कशाला?" चुलत्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या बहिणीने, आमच्या आत्याने, तेच केलं होतं आणि तीही तिथे बसली होती. कुणी काही बोलेना. मीही बोलले नाही. वडिलांना जाऊन तेरा दिवस झालेले असताना जमिनीचं नाव काढणारी मुलगी गावात कशी बघितली जाते, ते मला माहीत आहे.

तलाठी भाऊसाहेबांनी मात्र कायदा नीट समजावून सांगितला. वारस नोंद सगळ्या वारसांचीच लावायची, त्यात निवड करता येत नाही. पत्नी, मुलगे आणि मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस, हे हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून आहे, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने देशभर आला. हक्क सोडायचा असेल तर तो नंतरचा भाग. तो आपल्या राजीखुशीने आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तानेच सोडता येतो. मुली 'सोडणारच आहेत' म्हणून त्यांची नावं आधीच गाळणं चुकीचं आहे. मग त्यांनी संगणकावर आमचा गट उघडला आणि आईकडे बघून म्हणाले, "पण ताई, तुमचं नाव तर आधीपासूनच आहे की सातबाऱ्यावर."

आम्ही तिघं भावंडं एकमेकांकडे बघायला लागलो. आई म्हणाली, "व्हय. हाय."

त्या नावापुढे एक फेरफार क्रमांक होता. मी तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल काढली. १९९३ सालचा फेरफार, तेव्हाच्या तलाठ्याच्या तिरप्या अक्षरातला. मजकूर दोन-अडीच ओळींचा. खातेदाराने अर्ज व जबाब दिल्यावरून त्यांच्या पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून दाखल केले, लक्ष्मी मुक्ती योजना. खाली मंजुरीची सही. जबाबावर अण्णांची सही आणि तिच्याशेजारी आईची, वेलांटी लांब ओढलेली.

लक्ष्मी मुक्ती आज कुणाला फारशी आठवत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं. पुढे गावोगाव जाऊन संघटनेचे लोक पुरुषांना सांगायला लागले की, घरच्या लक्ष्मीचं ऋण मानता ना, मग तिचं नाव जमिनीला लावा. ज्या गावात शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली ते लक्ष्मी मुक्ती गाव. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढलं की, नवऱ्याने अर्ज दिला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लावावं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी लागत नाही. अट एकच, नवरा हयात असताना त्याने स्वतः अर्ज द्यायचा.

आमचं गाव काही लक्ष्मी मुक्ती गाव नव्हतं. आईने सांगितलं ते असं. अण्णांची गाडी ज्या गावात मुक्कामाला असायची तिथे एका रात्री लाल बिल्लेवाल्यांची, म्हणजे शेतकरी संघटनेच्या लोकांची, सभा झाली. अण्णा आणि ड्रायव्हर जेवण करून देवळाच्या पायरीवर बसून ती ऐकत होते. पुढच्या सुट्टीला ते रानात गेले नाहीत, आईला घेऊन चावडीवर गेले. त्याच्या आधीचे काही महिने सही गिरवणं चालू होतं, म्हणजे सही आधी शिकवली आणि जमीन नंतर दिली. अंगठा उमटवून घेतला असता तरी चाललं असतं. अण्णांना ते चाललं नाही.

गावात त्यावरून त्यांना ऐकून घ्यावं लागलं. पारावर लोक म्हणाले, एसटीचा पगार डोक्यात गेला, बायकोला मालकीण केली. आईच्या सांगण्याप्रमाणे अण्णा एवढंच बोलले, "रान ती बघती. मी आठवड्यातनं एक दिवस जातो आन् मालक म्हणून मिरवतो. तिचं नाव नको व्हय?"

हे आम्हाला तिघांनाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं तो सातबारा घरात होता. भाऊ दरवर्षी सोसायटीच्या कामाला त्याची नक्कल नेत होता, पण ते नाव त्याने 'आईचं आहे' एवढंच वाचलं होतं. कुठून आलं, कधी आलं हा प्रश्नच पडला नाही.

फेरफाराची नक्कल भावाने चुलत्यांना वाचून दाखवली. मग तो म्हणाला, "तात्या, नावं सगळ्यांचीच राहू देत. कर्ज काढताना ह्या दोघींच्या सह्या लागतील, तेवढ्या त्या देतील." चुलते बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. त्यांनी विरोध केला नाही. हरकतीची मुदत गेली, नोंद मंजूर झाली. आईचं नाव होतंच. अण्णांच्या हिश्शाला आई, भाऊ आणि आम्ही दोघी असे वारस लागले. माझी बहीण आणि मी शेती करायला गावी जाणार नाही, रान भाऊ आणि आईच बघणार, उत्पन्नही त्यांचंच. पण अण्णांच्या नावाखाली आमची नावं आहेत, आणि ती कुणी आमच्यावर उपकार म्हणून लावलेली नाहीत.

या काळात भेटायला येणारे लोक थांबत नव्हते. त्यातली एक बाई लक्षात राहिली. मुक्कामाच्या गाडीच्या गावाहून आल्या होत्या, दोन गाड्या बदलून. अण्णा गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. त्यांची मुलगी सकाळच्या गाडीने हायस्कूलला जायची. वाडी थांब्यापासून लांब, पोरी पळत यायच्या. त्या म्हणाल्या, "डायवर हॉर्न मारायचा, पर कंडक्टरसाहेब डबल बेल द्यायचं न्हाईत. पोरी येऊ देत म्हणायचं. रोज चार-पाच मिनिटं. डेपोत त्येंला बोलणी बसली असत्याली." त्यांची मुलगी आता नर्स आहे. अण्णा आमच्याही अभ्यासाला कधी वेळेवर हजर नसायचे, पण आम्हा दोघी बहिणींना शाळेतून काढायचा विषय त्यांनी घरात कुणाला काढू दिला नाही. त्या पहाटेच्या गाडीत बसणाऱ्या पोरी आणि आम्ही दोघी, आमच्या बाबतीत त्यांचा हिशेब एकच होता असं मला आता वाटतं.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांना मी हल्ली भेटेल तिथे सांगते. सातबारा काढा, आईचं नाव आहे का बघा, नसेल तर आत्ताच अर्ज द्या. बँकेत वारसाचं नाव लावलंय का, आधारवर आणि पासबुकावर नाव एकच आहे का, ते बघा. अभद्र बोलतेय असं काही जणांना वाटतं. वाटू दे. ज्या बायकांना नवऱ्यामागे स्वतःचं नाव सिद्ध करत वर्ष-वर्ष फिरावं लागतं, त्या मी त्याच बाकड्यांवर बसून बघितल्या आहेत.

आईचा हयातीचा दाखला यंदा झाला. तालुक्याला ती एकटीच गेली, अर्ध्या तिकिटात. कंडक्टर नवा मुलगा होता, त्याने आडनाव विचारून ओळख काढली म्हणे. विहिरीची वीजजोडणी अजून अण्णांच्या नावावर आहे. तिच्या अर्जाला सगळ्या वारसांची संमती लागते, म्हणून येत्या रविवारी आम्ही दोघी गावी जाणार आहोत. भावाने मुलांनाही आणायला सांगितलंय. वरच्या तालीचा एक कोपरा पावसाने ढासळलाय आणि शाळू पेरायच्या आत तो लावून घ्यायचा आहे.